गणपतीआधीची जळमटं

दिवाळीच्या साफसफाईवर दरवर्षी इतकं लिहून येतं की वाचणाऱ्याला वाटावं, महाराष्ट्रात घर झाडतात ते फक्त आश्विनात. आमच्याकडे, राजापूर तालुक्यात, घराची खरी झाडाझडती गणपतीच्या आधी व्हायची. दिवाळीपर्यंत भात कापणीला आलेलं, खळं चोपायचं राहिलेलं, माणसं शेतात. पहाटेची आंघोळ, पायाखाली फोडलेलं कारीट, दोन-तीन तऱ्हेचे पोहे आणि दारात चार पणत्या, एवढ्यात आमची दिवाळी साजरी व्हायची. गणपतीला मात्र मुंबईचे चाकरमानी उतरायचे. काका-काकू, आत्या, त्यांची पोरं. त्यांच्यापैकी कुणी ओटीवर आडवं होऊन वर बघितलं आणि आढ्याला कोळिष्टक लोंबताना दिसलं, तर आजीच्या लेखी सणाची शोभाच गेली.

वेळही तीच योग्य होती. मृगाचा पाऊस पडला की वाळवीला पंख फुटायचे आणि संध्याकाळी कंदिलाभोवती पंखांचा खच पडायचा. चिलटं, मुरकुटं, पाखरं, पावसाला कंटाळलेला प्रत्येक जीव घरात. त्यांच्यामागोमाग कोळी. श्रावण सरेपर्यंत ते खाऊनपिऊन सुस्त झालेले असायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यात त्यांची पुढची पिढी लोंबत असायची. गोकुळाष्टमी आटोपली की आजी पंचांग न बघता दिवस ठरवायची. पाऊस उघडलेला हवा, एवढी एकच अट. ओलसर हवेत जळमट भिंतीला धरून बसतं.

हत्यार घरचंच. चिव्याची लांब काठी आणि तिच्या टोकाला उलटी बांधलेली जुनी केरसुणी. नवी केरसुणी या कामाला लावायची नाही. तिला लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचं असे. घरातली भांडीकुंडी, पेट्या, गाद्यांची वळकटी, सगळ्यांवर जुनी लुगडी पांघरली जायची. बाबा डोक्याला पंचा गुंडाळून, नाकातोंडावर दुसरा फडका बांधून उभे राहायचे, आणि मी शिडी धरायचो. शिडी धरणाऱ्याने वर बघायचं नसतं. हे सांगूनही पटत नाही. एकदा डोळ्यात कौलांची धूळ आणि वर्षभराचं कोळिष्टक गेलं की पटतं.

आजी खालून हुकूम द्यायची. क्रम ठरलेला: आधी देवघर, मग माजघर, ओटी, पडवी, आणि शेवटी स्वयंपाकघर, कारण तिथली जळमटं चुलीच्या धुराने काळीकुट्ट होऊन दोऱ्यांसारखी लोंबायची. प्रत्येक खोलीत आढं, वासे, रिपा, भिंती, कोनाडे असं वरून खाली यायचं. या सगळ्यात कौशल्याची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. बाबा जळमट ओढायला गेले की आजी ओरडायची, "ओढू नको, गुंडाळ!" काठी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. जाळं केरसुणीच्या काड्यांभोवती गुंडाळलं जातं आणि अलगद सुटतं. ओढलं की तुटतं, भिंतीला फासतं, आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काळी रेघ उमटते. मग ती पुढच्या चुन्यापर्यंत तशीच. केरसुणी ओली करायची नाही तीही याचसाठी. गुंडाळून झालं की काठी अंगणापार, गडग्याजवळ नेऊन झटकायची. तिथे सुटलेले कोळी काय करत असतील हे कुणी विचारत नसे. रात्रीतून बरेचसे परतत असावेत, अशी मला तेव्हाच शंका होती.

शिडी धरल्या धरल्या जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. माजघराच्या कोपऱ्यांत असायचे ते लांब, काटकुळ्या पायांचे कोळी. अंग तांदळाच्या दाण्याएवढं, पोटाला मागे एक टोक, आणि पाय मात्र बोटभर. यांच्या जाळ्याला ना आकार, ना नक्षी, नुसता गुंता. केरसुणी जवळ आली की हा कोळी पळत नाही. जाळ्यातच उलटा लटकून इतक्या वेगाने गरगर हलायला लागतो की नुसती एक धूसर पुसट रेघ दिसते. शत्रूचा नेम चुकवायची ही त्याची रीत. एकदा बाबांनी काठी थांबवून मला वर बोलावलं आणि दाखवलं: मादीने तोंडात एक घोस धरला होता, बारीक बारीक अंड्यांचा, दोनचार धाग्यांनी कसाबसा बांधलेला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती तो खाली ठेवत नाही. घरातले डास खाणाऱ्यांत या काटकुळ्याचा नंबर बराच वरचा आहे, हे मला फार पुढे वाचून कळलं. त्या दिवशी ती मादी केरसुणीवर गुंडाळली गेलीच.

पडवीच्या खांबांमधली चाकासारखी गोल, रेखीव जाळी वेगळ्यांची. ती विणणारे कोळी बहुतेक रात्री काम करतात, आणि अशी कितीतरी कोळणी जुनं जाळं गिळून त्याच ऐवजावर नवं विणतात. त्यामुळे तिथे जळमट कधी साठत नसे. आपण ज्याला जळमट म्हणतो ते बहुतेक वेळा मालक सोडून गेलेलं घर असतं: जुने धागे, त्यावर धूळ, काजळी आणि खाऊन टाकलेल्या माश्यांची टरफलं. खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारे, डोळे रोखून बघणारे छोटे कोळी तर जाळं विणतच नाहीत. माशीवर झेप घालतात. त्यांना आजीच्या केरसुणीचं भय नव्हतं. काठी पोचेपर्यंत ते दुसऱ्या खिडकीत.

आजोबांचा या सगळ्याला तात्त्विक विरोध होता. चातुर्मासात ते माजघरात एकनाथी भागवत वाचायचे. नाथांनी काशीत १५७३ साली पुरी केलेली ही अकराव्या स्कंधावरची टीका. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो आणि त्यांतला तेविसावा कोळी: आपल्यातूनच धागा काढतो, त्यात खेळतो आणि शेवटी आपल्यातच गिळतो, तसा ईश्वर विश्वाचा पसारा मांडतो आणि आवरतो. आजोबा पोथीवरून मान वर न करता म्हणायचे, "अगं, दत्तमहाराजांचा गुरू आहे तो. त्याला झाडू दाखवतेस?"

"चोवीसांत अजगरही आहे म्हणे," आजी म्हणायची. "त्यालाही आणून बसवा माजघरात. आणि पाय वर घ्या, मला खालचं झाडायचंय."

आजोबा पाय वर घ्यायचे. अजगर यादीत खरोखरच आहे, हे त्यांना आजीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्या यादीचा चोविसावा गुरूही आमच्या घरात मुक्कामाला होता, आणि तोही झाडणीतच सापडायचा. भिंतीवरच्या घड्याळामागे, दाराच्या कुलपाच्या भोकात, बंद खिडकीच्या कोपऱ्यात मातीची गुळगुळीत घरटी असत. कुंभारमाशीची. पोथीत सांगतात की ती एक अळी आणून मातीत कोंडते आणि तिच्या धाकाने, तिच्याच ध्यासाने ती अळी स्वतःच कुंभारमाशी होऊन बाहेर पडते. आजीने घड्याळ उतरवलं आणि बाबांनी उलथन्याने ते घरटं खरवडलं, तेव्हा मी जमिनीवर बसून तो मातीचा गोळा फोडला. आत एकामागे एक कप्पे होते आणि प्रत्येक कप्पा कोळ्यांनी ठासून भरलेला. हिरवट, करडे, पट्ट्यांचे, बागेतलेच. मेलेले म्हणावेत तर पोटं मऊ, रंग ताजा. काडीने डिवचल्यावर एकाचा पाय किंचित हलला. कुंभारमाशी कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही; मेला तर सडेल. त्याच्यावर अंडं घालून दार लिंपून टाकते आणि आतली अळी तो ताजा शिधा खात वाढते. कुंभारमाशांच्या काही जाती अळ्या भरतात, काही कोळी. आमच्या घड्याळामागची कोळी भरणारी होती. मी आजोबांना कप्पा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे चोविसाव्याने तेविसाव्याला खाल्लं." त्या दिवशीचं वाचन तिथेच थांबलं.

पण घरात ज्याची खरी भीती होती तो या कुणातला नव्हता. पणजोबांच्या तसबिरीमागे राहायचा तो. पाय पसरले तर तळहाताएवढा, तपकिरी, चपटा, आणि धावायला लागला की भिंतीवरून तिरका सुसाट. मुंबईच्या काकूने एकदा तसबीर पुसायला हात घातला, तो तिच्या मनगटावरून पार झाला, आणि तिची किंकाळी शेजारच्या वाडीपर्यंत गेली. बाबा वहाण घेऊन धावले. आजीने त्यांना अडवलं. "तो झुरळं खातो. तो आहे म्हणून तुझ्या पुस्तकांना झुरळं लागत नाहीत," असं तिचं म्हणणं. हा कोळी जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर शिकार करत फिरतो आणि झुरळ हा त्याचा आवडता घास, हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. रात्री चिमणी घेऊन उठणाऱ्या बाईला दिसायचंच.

मात्र तो घरातच राहू द्यावा एवढी काही ती उदार नव्हती, पाहुणे असताना तर नाहीच. तिची पद्धत अशी. दिवेलागणीनंतर तो भिंतीवर स्थिर झाला की मोठी पितळी वाटी त्याच्यावर हळूच पालथी घालायची, भिंत आणि वाटी यांच्यामधून पोस्टकार्ड सरकवायचं, आणि वाटी-पोस्टकार्डासकट त्याला गोठ्यात नेऊन सोडायचं. एकदा अशाच वाटीत आलेली मादी निघाली. पोटाखाली तिने पांढरी, चपटी, आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती धरली होती. "ही लेकुरवाळी आहे," आजी म्हणाली. त्या चकतीत शंभरांवर पिल्लं मावतात हे तिला ठाऊक असतं, तर गोठा सोडून तिने थेट नदीचा रस्ता धरला असता असं मला वाटतं.

गणपतीच्याच सुमारास कुणाच्या तरी मानेवर, काखेत किंवा पापणीजवळ लाल चट्टा उठायचा, त्यावर पाण्याचे फोड यायचे, आग व्हायची. घरातलं निदान ठरलेलं: अंगावर कोळी फिरला. चंदन उगाळून लावायचं. या आरोपातून कोळ्याची निर्दोष सुटका करायला हवी. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक काळा-केशरी पट्ट्यांचा, मुंगीएवढा लांबट भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजून निघते. झोपेत आपणच त्याला चिरडतो, सकाळी कोळी दिसतो आणि बोल त्याला लागतो. असा कीडा अंगावर दिसला तर चिरडू नये, फुंकून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

आमच्या लहानपणी सरकारही घर झाडायला यायचं. हिवतापाच्या निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९५८ पासून सुरू होती, आणि खाकी कपड्यांतली माणसं पाठीला पंप लावून घराघरांत डीडीटी फवारायची. भिंतींवर पांढरट ओघळ, दारावर गेरूने तारीख. फवारणीच्या दुसऱ्या दिवशी जमिनीवर माश्या, डास आणि मधूनमधून कोळी पडलेले असत, पाय आत मिटून घेतलेले. मेलेला कोळी असाच का मिटतो, याचं कारण गमतीचं आहे. पाय आत ओढायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण पसरायला मुख्य सांध्यांत ते नाहीत. अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताठ करतो. जीव गेला की दाब गेला. आजी देवघरात आणि स्वयंपाकघरात पंप येऊ देत नसे. तिथे वर्षभर कोळी टिकून राहायचे आणि महिन्याभरात बाकीचं घर पुन्हा भरून काढायचे. मोहीम डासांविरुद्ध होती, त्यामुळे सरकारने ते मनावर घेतलं नसावं.

पुढे घरात वीज आली. ओटीवर साठचा पिवळा बल्ब लागला, मग दोनचार वर्षांनी ट्यूब. त्या वर्षीच्या गणपतीला आजीने एक गोष्ट टिपली आणि चारचौघांत जाहीर केली: जळमटं वाढली. कंदील निजताना बारीक व्हायचा. ट्यूब रात्रभर पेटती राहायला लागली. दिव्याला किडा, किड्याला कोळी. ट्यूबच्या दोन्ही टोकांना जाळी आणि मधे पालीचा पहारा. तिने ट्यूब ओटीवरून काढून अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ लावायला लावली. त्या वेळी शेजारीपाजारी हसले. कोळी घराबाहेर ठेवण्याचा याहून चांगला इलाज मला आजतागायत सापडलेला नाही.

नोकरीनिमित्त ठाण्यात आलो, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वासे नाहीत, रिपा नाहीत, कौलं नाहीत. वाटलं, कोळ्यांचा विषय संपला. पहिल्याच पावसाळ्यात बाथरूमच्या खिडकीत, एसीच्या पाइपाच्या भोकापाशी, पडद्याच्या दांडीवर आणि माळ्यावर रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे तेच काटकुळे हजर. सोसायटीत एका कंपनीचा पेस्ट कंट्रोल करायची टूम निघाली. माणूस आला, कोपऱ्याकोपऱ्यात फवारून गेला, वर्षाची हमी देऊन गेला. झुरळं कमी झाली हे कबूल. काटकुळे होते तिथेच लटकत राहिले. कारण सरळ आहे: भिंतीला आणि फरशीला लावलेलं औषध झुरळाच्या पोटाला आणि पायांना माखतं, मग ते मिशा आणि पाय तोंडाने साफ करतं आणि मरतं. कोळी अधांतरी जाळ्यात असतो, जमिनीवर आलाच तर पायांच्या टोकांवर चालतो, आणि अंग असं चाटत बसत नाही. फवारा थेट अंगावर पडला तरच तो मरतो, आणि तेवढ्या जवळ जायचं तर केरसुणी काय वाईट?

बायकोने नंतर पुदिन्याच्या तेलाचा, लिंबाच्या सालींचा, कापराचा, डांबरगोळ्यांचा प्रयोग करून पाहिला. पुदिन्याचा काही जातींवर थोडाफार परिणाम होतो म्हणतात. लिंबाचा होत नाही. घराला वास मात्र छान येत होता. शेवटी उपयोगी पडलं ते आजीचंच शास्त्र. बाल्कनीतला पांढरा दिवा काढून पिवळा लावला, तोही झोपताना बंद. खिडक्यांना जाळी, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी, एसीच्या भोकात पांढरं सिमेंट. खेड्यातल्या भिंतीच्या भेगा आजी गणपतीआधी शेणमातीने लिंपायची आणि वरून नीळ घातलेला चुना द्यायची, तेच हे. पुठ्ठ्याची खोकी रद्दीवाल्याला दिली. आणि नायलॉनचा गोल झाडू घेऊन दर पंधरा दिवसांनी कोपरे गुंडाळायचे. अंड्यांची पुडी दिसली की ती आधी. घरात किडेच नाहीत म्हटल्यावर कोळी आपला आपण निघून जातो. पोटाला काही नसेल तिथे तोही राहत नाही.

ठाण्याने मला आणखी एक गोष्ट दिली, जी राजापुरात मिळाली नसती. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीचं २०२१ साली नामकरण झालं: आयसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कसाबची बंदूक अंगावर घेऊन त्याला जिवंत पकडून देणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचं नाव संशोधकांनी त्याला दिलं. जगात कोळ्यांच्या ५०,०००हून अधिक जाती नोंदल्या गेल्यात, पण एवढ्या मानाचं नाव फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल. माझी पुतणी हल्ली बाल्कनीतल्या तुळशीवर, जास्वंदीवर उड्या मारणारे कोळी शोधत असते, मोबाइलला भिंग लावून त्यांचे फोटो काढते. तिच्या हट्टापायी कुंड्यांना हात लावायची आम्हाला मनाई आहे. आजीने ही मनाई पाळली असती की नाही, सांगता येत नाही. आजोबांनी नक्की पाळली असती.

तर हा अंक हातात पडेल तेव्हा तुमच्याकडे लक्ष्मीपूजनाची आवराआवर चालू असेल. झाडू कोरडाच घ्या आणि जाळी ओढू नका, गुंडाळा. शिडी धरणाऱ्याला मान खाली घालायला सांगा. बाहेरचा दिवा रात्री मालवा. आणि तसबिरीमागून तो मोठा निघालाच, तर स्प्रेचा डबा बाजूला ठेवून वाटी घ्या. पोस्टकार्ड आता कुणाच्या घरी सापडत नाही. लग्नाची पत्रिका चालते, ती जाडही असते.